परभणीच्या मे महिन्यात २.२ गीगाहर्ट्झ

आमच्या घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक जुना फोन आहे, स्नॅपड्रॅगन ६२५ नावाच्या प्रोसेसर चिपचा, काच एका कोपऱ्यात तडकलेली, मागचं धातूचं अंग घासून घासून पांढरं पडलेलं. तो अजून चालतो अन् मी तो कधीच विकणार नाही. परवा त्याची सेटिंग तपासत बसलो होतो तर धाकटा मावसभाऊ शेजारी येऊन बसला अन् म्हणला, दादा ह्याला ओव्हरक्लॉक करून मला दे की, गेम चांगली चालंल. ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसरला कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्याही वर पळवायचं. त्याला दोन तास सांगत बसलो तरी अर्धंच सांगून झालं, म्हणून आता इथं सगळं लिहून काढतो. त्याच्यासाठी पण अन् त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठी पण.

गोष्ट २०१७ च्या डिसेंबरची. मी परभणीला डिप्लोमा करत होतो, वसमत रोडला तिघात मिळून एक खोली, गच्चीवरची, वर पत्रे. हिवाळ्यात परभणीत पारा १० च्या खाली जातो हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही, पण जातो, अन् पत्र्याच्या खोलीत तर पहाटे बोटं वाकत नाहीत. त्या थंडीत मी बूटलोडर, म्हणजे फोन चालू करणाऱ्या भागाचं कंपनीनं लावलेलं कुलूप, अनलॉक केला, टीडब्ल्यूआरपी ही बाहेरची सिस्टिम टाकायची सोय टाकली, कस्टम रॉम, म्हणजे कंपनीची सोडून दुसऱ्यांनी बनवलेली फोनची सिस्टिम, टाकला अन् एक कस्टम कर्नल, म्हणजे त्या सिस्टिमचा चिपशी बोलणारा गाभा, टाकला ज्यात सीपीयूला, म्हणजे प्रोसेसरला, कंपनीनं दिलेल्या वरच्या पायरीच्याही वर एक पायरी जोडलेली होती.

पायरी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की ओव्हरक्लॉक म्हणजे गाडीचा कान पिळल्यासारखं हवं तेवढं पिळायचं. तसं नसतं. फोनच्या प्रोसेसरला ठरावीक वेगांचा एक तक्ता असतो अन् प्रत्येक वेगासमोर त्याला लागणारं व्होल्टेज असतं. ६२५ मधे आठ कोअर, म्हणजे काम करणारे आठ मेंदू, सगळे एकाच जातीचे, कॉर्टेक्स ए५३, १४ नॅनोमीटरवर बनवलेले, अन् सगळ्यात वरची पायरी २०१६ मेगाहर्ट्झ, म्हणजे आपण २ गीगाहर्ट्झ म्हणतो ती. काम नसलं की तो खाली ६५२ वर येऊन बसतो, काम आलं की वर चढतो, अन् कधी चढायचं कधी उतरायचं हे ठरवणारा कर्नलमधला भाग म्हणजे गव्हर्नर. कर्नल बनवणाऱ्यानं त्या तक्त्यात २२०८ ची एक ओळ वाढवली अन् तिच्यासमोर एक व्होल्टेज लिहिलं, की झालं ओव्हरक्लॉक. तुम्ही कर्नलची सेटिंग बदलायच्या ॲपमधे जाऊन मॅक्स फ्रिक्वेन्सी, म्हणजे वरचा वेग, २२०८ करता तेव्हा प्रत्यक्षात तुम्ही त्या माणसाच्या अंदाजावर विश्वास ठेवता. त्यानं तो अंदाज त्याच्या हातातल्या फोनवर, त्याच्या गावच्या हवेत बांधलेला असतो.

मला त्या वेळी हे काही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की स्नॅपड्रॅगन ६२६ नावाची चिप आहे, ती ६२५ चीच बहीण आहे अन् तिला कंपनीनं स्वतः २.२ गीगाहर्ट्झ दिलाय. मग म्हणलं माझी चिप पण तीच की, तिलाही जमंल. ह्यात चूक कुठं आहे ते मला फार उशिरा कळलं. ६२६ म्हणून जी चिप विकली जाते ती त्या वेगाला तपासून, तिला किती व्होल्टेज लागतं ते ठरवून विकलेली असते. माझ्या चिपची परीक्षा २०१६ पर्यंतच झालेली होती, पुढच्या इयत्तेत तिला मी परस्पर बसवलं होतं.

अन् दोन चिपा सारख्या नसतातच. घरी सोयाबीन असलेल्यांना हे लगेच कळंल, एकाच पिशवीतलं बियाणं, एकाच दिवशी, एकाच तिफणीनं पेरलेलं, तरी एखादं जोमानं वर येतं अन् शेजारचं रडतखडत. सिलिकॉनचं पण तसंच आहे, एकाच कारखान्यात एकाच चकतीवर बनलेल्या चिपांमधे काहींना त्याच वेगासाठी कमी व्होल्टेज पुरतं अन् काहींना जास्त लागतं. माझ्या रूममेटकडं, जिंतूरचा पोरगा, अगदी तोच फोन होता, तोच कर्नल टाकला, त्याचा २२०८ वर आख्खा उन्हाळा निघाला. माझा निघाला नाही. त्यात त्याची हुशारी नाही अन् माझा दोष नाही.

पण हिवाळ्यात माझाही मस्त चालला, ते खोटं सांगणार नाही. गीकबेंच ह्या वेग मोजायच्या ॲपचा आकडा वाढला, जवळपास तेवढाच जेवढा वेग वाढला होता, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. तो आकडा वाढलेला बघताना जे वाटलं ते अजून आठवतं. बापानं हप्त्यावर घेऊन दिलेला फोन, त्याच्यातून मी माझ्या हातानं, एक रुपया न घालता, जास्त काही काढलं होतं. कॉलेजात चार पोरांनी माझ्याकडून कर्नल टाकून घेतला. मी रात्र रात्र वाचत बसायचो, गव्हर्नर म्हणजे काय, आयओ शेड्युलर म्हणजे काय, झेडरॅम कशासाठी, अन् हे सगळं मी कोणत्याही वर्गात बसून जेवढं शिकलो त्याच्या दुप्पट शिकलो असंल. म्हणून कुणी म्हणलं की हे सगळे उद्योग फालतू आहेत तर मला पटत नाही, आजही नाही.

आता साडेनऊ टक्के म्हणजे हातात काय येतं ते बघा. समजा एखादं ॲप उघडायला २ सेकंद लागतात. त्यातला अर्धा वेळ प्रोसेसर काम करतो अन् अर्धा वेळ स्टोरेजमधून फाईली यायची वाट बघतो, ह्या फोनात स्टोरेज ईएमएमसी आहे, ती जुन्या पद्धतीची अन् हळूच. प्रोसेसर कितीही पळवा, वाट बघायचा तो एक सेकंद एक सेकंदच राहतो. उरलेल्या एका सेकंदातले नऊ टक्के कमी झाले, म्हणजे सेकंदाचा अकरावा हिस्सा. पापणी लवायला त्याहून जास्त वेळ लागतो. २०१० च्या आसपास जेव्हा ६०० मेगाहर्ट्झचे एका कोअरचे फोन होते तेव्हा गोष्ट वेगळी होती, ६०० चा ८०० केला तर तिसरा हिस्सा वेग वाढायचा अन् फोन खरोखर हातात हलका वाटायचा, त्या काळातल्या लोकांनी लिहिलेलं वाचून आपण आजच्या फोनाला तेच लावतो.

अन् मोजावं काय लागतं? चिप काम करताना जी वीज खाते ती वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. हे एक वाक्य नीट डोक्यात बसलं तर बाकीचं निम्मं आपोआप कळतं. वेग १० टक्के वाढवला अन् तो पेलवायला व्होल्टेज पण १० टक्के वाढवावं लागलं असं धरा, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के जास्त वीज, अन् ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन फोनच्या अंगातून बाहेर पडणार. त्यात गरम झालेल्या चिपमधून गळती करंट वाढतो, म्हणजे काही काम न करता नुसती जाणारी वीज, तिनं चिप अजून गरम होते, मग गळती अजून वाढते.

थंडीत ह्यातलं काहीच जाणवलं नाही. मार्चमधे होळी झाली अन् खेळ सुरू झाला.

पहिल्यांदा फोन रीस्टार्ट झाला तेव्हा मी बसमधे होतो, सेलूहून येताना, मेसेज वाचत होतो फक्त. म्हणलं ॲपचा बग असंल. मग आठवड्यातून एकदा, मग दोन दिवसांनी, एप्रिलमधे दिवसातून दोनदा. मला सगळ्यात चक्रावून टाकलं ते ह्या गोष्टीनं की जड काम करताना तो कधीच पडायचा नाही! मी मुद्दाम अर्धा तास सगळ्या आठ कोअरवर स्ट्रेस टेस्ट चालवली, फोन तव्यासारखा झाला तरी पास. गेम खेळलो, पास. अन् खिशात ठेवलेला असताना, किंवा नुसतं लॉक उघडताना, पडायचा. म्हणून मी कितीतरी दिवस रॉमला दोष देत राहिलो, तीन रॉम बदलले.

कारण नंतर कळलं. जड काम सतत चालू असतं तेव्हा चिप एका वेगावर एका व्होल्टेजवर स्थिर असते, शिवाय गरम झाली की थर्मलवाला भाग तिला मुकाट्यानं खालच्या पायरीवर आणतो, म्हणजे तुम्हाला वाटतं टेस्ट २२०८ वर चालू आहे अन् खरं तर ती पाचव्या मिनिटापासून त्याच्या खाली चाललेली असते. माझी टेस्ट पास होत होती कारण ती टेस्ट २२०८ ची नव्हतीच. खरा धोका असतो तो झोपेतून एकदम पळायला लावण्यात. फोन ६५२ वर निवांत पडलेला, तुम्ही बटण दाबलं, गव्हर्नरनं सगळ्या कोअरला एकदम २२०८ वर नेलं, करंटची मागणी एका क्षणात कितीतरी पट झाली अन् त्या धक्क्यानं व्होल्टेज क्षणभर खाली गेलं. शेतात मोटार चालू करताना घरातला बल्ब कसा एकदा मंद होतो, तसंच. बल्ब मंद झाला तर काही बिघडत नाही. चिपमधे मात्र त्या क्षणी एखादा सिग्नल वेळेत पोचला नाही तर १ च्या जागी ० वाचला जातो अन् पुढचं सगळं चुकतं. लो व्होल्टेजनं मोटारीची वाइंडिंग जळते तेव्हा निदान वास तरी येतो. चिप जळत नाही, वास येत नाही, ती फक्त चुकीचं उत्तर देते. कधी त्या चुकीनं कर्नल कोसळतो अन् फोन रीस्टार्ट होतो, अन् कधी काहीच होत नाही, ती चूक कुठल्यातरी फाईलमधे जाऊन बसते. रीस्टार्टपेक्षा मला ह्या दुसऱ्या प्रकाराची जास्त भीती वाटते.

अन् बॅटरी वीस टक्क्याच्या खाली असली की फोन जास्त पडायचा, ते पण ह्याचंच भावंड. उतरलेली बॅटरी असा एकदम झटका सहन करू शकत नाही.

मग उन्हाळ्याचा ह्यात काय संबंध. फोनात पंखा नसतो, उष्णता त्याच्या अंगावरूनच हवेत जाते, अन् ती जायला अंग अन् हवा ह्यांच्यात फरक लागतो. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून पार आमच्या परभणी जिल्ह्यापर्यंत येतो, २०८ किलोमीटर, तो कुठल्या पंपानं येत नाही, उतारानं येतो. उतार संपला की पाणी थांबलं. उष्णतेचं अगदी तसंच आहे. फोनचं अंग ४५ अंश झालं असं धरा, त्याच्या वर हातात धरवत नाही. डिसेंबरच्या १५ अंशात ३० अंशांचा उतार मिळतो. मे महिन्यात दुपारी खोलीत ४३ असताना २ अंशांचा. पत्र्याखाली तर तेवढाही नाही, तिथं हवाच फोनला तापवते. तोच फोन, तीच सेटिंग, पण उष्णता बाहेर जायची वाट पंधरा पटीनं अरुंद झालेली. गरम चिप जास्त करंट ओढते, जास्त करंटनं वाटेत व्होल्टेज जास्त पडतं, अन् हिवाळ्यात जे व्होल्टेज काठावर पुरत होतं ते आता पुरत नाही.

आम्ही उपाय पण केले. कूलरसमोर फोन ठेवून बेंचमार्क चालवला, आकडा चांगला आला, पण कूलरची हवा ओली असते, चार्जिंगच्या पोर्टात ओल गेल्याचा इशारा आला तेव्हा बंद केलं. एका पोरानं फ्रीजमधे ठेवून बघितला, ते तर अजिबात करू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

इथपर्यंत सगळं गमतीचंच होतं म्हणा, रीस्टार्ट झाला तर झाला.

मे २०१८ मधे मी आजीकडं गेलो. आजीचं गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठापासून थोडं आत. गंगाखेड म्हणजे जनाबाईचं गाव, तिकडच्या म्हाताऱ्या बायांना जात्यावर बसलं की ओवी सुचायला लागत नाही, ती हातासोबतच येते. आजीनं जातं मोडीत काढलं नव्हतं, डाळ भरडायला ठेवलं होतं. माझ्या कितीतरी दिवसांपासून मनात होतं की तिच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या. त्या दिवशी ती अन् शेजारची मावशी हरभऱ्याची डाळ भरडायला बसल्या, मी फोन रेकॉर्डिंगला लावून जात्याजवळच्या कोनाड्यात ठेवला, चार्जर लावून, कारण बॅटरी कमी होती. दोघी जवळपास पाऊण तास म्हणत होत्या. पंढरीच्या म्हणल्या, माहेरच्या म्हणल्या, भावाच्या म्हणल्या, अन् मग आजीनं तिच्या वारलेल्या लेकीच्या, म्हणजे मी न पाहिलेल्या माझ्या थोरल्या आत्याच्या, दोन चार म्हणल्या. त्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या. शेजारच्या मावशीनं जातं थांबवून डोळ्याला पदर लावला.

मी उठून फोन घ्यायला गेलो तर स्क्रीनवर रॉमचा बूटचा लोगो फिरत होता.

फाईल होती. साईज पण बरी दिसत होती. वाजत नव्हती. फोनातली रेकॉर्डिंगची फाईल कशी बनते ते मला त्या रात्री शिकावं लागलं, आवाज सोबत सोबत लिहिला जातो पण कुठला तुकडा कुठं आहे ही अनुक्रमणिका शेवटी, तुम्ही स्टॉप दाबल्यावर लिहिली जाते. स्टॉप दाबायच्या आधी फोन पडला तर पानं आहेत पण अनुक्रमणिका नाही, अन् कुठलाच प्लेअर ती उघडत नाही. आजीला म्हणलं, आज्जी पुन्हा म्हण ना. ती म्हणली, "आरं लेकरा, आत्ताच म्हणलं की समदं. आता कामून? मनात आलं तवा आलं, आता कुठून आणू?" ती रागावली नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं काय काय म्हणलं ते.

परभणीला आल्यावर अनट्रंक नावाचं एक टूल सापडलं, ते त्याच फोनवर केलेली दुसरी चांगली फाईल नमुना म्हणून घेतं अन् तिच्या आधारानं तुटलेल्या फाईलची अनुक्रमणिका नव्यानं बांधायला बघतं. सायबर कॅफेवाल्या भाऊंच्या कॉम्प्युटरवर दोन दिवस बसून त्यातून मला ११ मिनिटं मिळाली. पंढरीच्या आहेत, माहेरच्या थोड्या आहेत. आत्याच्या नाहीत.

त्यानंतर मी पहिल्यांदा लॉग वाचायला शिकलो, जे मी सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं. कर्नल कोसळला की मेमरीच्या एका राखीव कोपऱ्यात शेवटच्या ओळी राहतात, फोन परत चालू झाला की त्या फाईल म्हणून दिसतात, त्याला रॅमऊप्स म्हणतात, जुन्या फोनात लास्ट केएमएसजी नावाची फाईल असायची. ती प्रत्येक वेळी जपून ठेवायची. माझ्याकडं अशा नऊ जमा झाल्या अन् त्या शेजारी शेजारी ठेवल्यावर सरळ दिसलं, नऊ वेळा नऊ वेगवेगळ्या ठिकाणी पडलाय. एकदा वायफायच्या कोडमधे, एकदा फाईलसिस्टिममधे, एकदा अशा ठिकाणी जिथं पडायचं काही कारणच नाही. सॉफ्टवेअरचा बग असला तर तो सहसा त्याच त्याच जागी पडतो. दर वेळी नवीन जागा म्हणजे बुडाखालचं लोखंडच हलतंय, व्होल्टेज नाहीतर मेमरी. हे एवढं मला मार्चमधे कुणी सांगितलं असतं तर तीन रॉम बदलले नसते अन् मेमधे तो फोन कोनाड्यात २२०८ वर ठेवला नसता.

मला जे सांगायचंय ते खरं तर एवढंच आहे. ओव्हरक्लॉकवाले म्हणतात की कंपनी चिपमधे थोडी जागा राखून ठेवते, ती फुकटची आहे, आपण ती वापरायची. जागा असते हे खरं. पण ती फुकटची नाही. ती कंपनीनं सगळ्यात वाईट चिपसाठी, काही वर्षं जुन्या झालेल्या चिपसाठी, उतरलेल्या बॅटरीसाठी अन् सगळ्यात गरम दिवसासाठी ठेवलेली असते. थंड देशात बसलेल्या माणसाला ती जागा रिकामी दिसते कारण त्याच्याकडं तो दिवस येतच नाही. आमच्याकडं तो दिवस मार्चमधे येतो अन् जूनपर्यंत मुक्कामाला राहतो. ती राखलेली जागा परभणीसाठीच होती अन् मी ती डिसेंबरमधे विकून खाल्ली होती.

जुनी होण्याबद्दल पण दोन शब्द. चिपमधले ट्रान्झिस्टर, म्हणजे तिच्यातले बारीक बारीक स्विच, वर्षांनुवर्षं व्होल्टेज अन् उष्णता सोसून थोडे मंद होत जातात, म्हणजे आज ज्या व्होल्टेजला वेग जमतो त्यालाच दोन वर्षांनी जमंल असं नाही. म्हणून एकदा स्टेबल झाला की कायमचा स्टेबल, असं समजू नये.

मग मी काय केलं. २२०८ ची पायरी सोडलीच, अन् उलटं जायला लागलो. मॅक्स १६८९ केली. हा वेग सोळा टक्के कमी आहे, पण त्याच वर्गाच्या हिशोबानं बघा, व्होल्टेज ८ टक्क्यांनी उतरलं असं धरलं तर ०.८४ गुणिले ०.९२ गुणिले ०.९२, म्हणजे ०.७१. जवळपास ३० टक्के वीज वाचली. अन् मे महिन्यात दुपारी हा फोन आधीच्या पेक्षा बरा चालायला लागला, कारण आधी तो दोन मिनिटं २२०८ वर पळून मग दमून थर्मलच्या धाकानं खाली वर खाली वर करायचा, गेममधे झटके बसायचे. आता एका चालीनं चालतो. माझ्या मावसभावाला जे हवंय ना, गेम अडकू नये, ते हेच आहे. त्याला मोठा आकडा नकोय, त्याला सारखा आकडा हवाय.

अन् हाताला वेग जाणवायचा असंल तर त्याची जागा दुसरीकडंच आहे. बोट लावल्या लावल्या गव्हर्नरनं किती लवकर वर चढावं, ती पहिली उडी कुठल्या पायरीवर मारावी, ह्या सेटिंगनं जो फरक पडतो तो २०० मेगाहर्ट्झनं पडत नाही. मी उडी १४०१ ला ठेवली, त्यानं स्क्रोलिंग मऊ झालं अन् तो झोपेतून एकदम पळायचा धक्का पण कमी झाला. डेव्हलपर ऑप्शनमधे ॲनिमेशन अर्धं केलं. स्टोरेज गच्च भरलेलं होतं, आठ जीबी मोकळं केलं, ईएमएमसी काठोकाठ भरली की लिहायला फार हळू होते, निम्म्या लोकांचा फोन स्लो झाला ह्याचं कारण प्रोसेसर नसतंच, हे असतं.

तरी कुणाला करायचंच असंल, अन् मी नाही म्हणणार नाही, तर फोन असा घ्या ज्याच्यावर घरातलं कुणी अवलंबून नाही. सगळ्यात आधी पूर्ण बॅकअप मेमरी कार्डवर, त्यात ईएफएस नावाच्या भागाचा बॅकअप पण, कारण आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, त्यात असतो अन् तो गेला तर सिम चालत नाही. ॲपमधलं 'बूट झाल्यावर लागू करा' हे बटण महिनाभर बंद ठेवा, म्हणजे पडला तरी परत उठताना कंपनीच्या वेगावर उठंल, ते चालू असलं अन् सेटिंग चुकली तर फोन उठतो पडतो उठतो पडतो अन् आत शिरायला वाव राहत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला अन् वहीत तारीख टाकून लिहा, डोक्यात राहत नाही. सीपीयू अन् जीपीयू (चित्रं काढणारा प्रोसेसर) दोन्ही एकाच दिवशी वाढवले तर पडल्यावर कुणामुळं पडला कळणार नाही. टेस्ट अर्ध्या तासाची नको, आठवड्याची करा, अन् त्या आठवड्यात फोन खिशात, उन्हात, वीस टक्के बॅटरीवर, चार्जरवर, सगळीकडं जाऊ द्या. थंडीत पास झाला तर तो पास धरूच नका. एप्रिलमधे परत बसवा परीक्षेला.

अन् रोजच्या फोनवर आता मी रूटच करत नाही, म्हणजे सिस्टिमच्या आत हात घालायची मुभाच घेत नाही. बूटलोडर उघडला की बँकेची ॲप अडून बसतात, पैशांचे व्यवहार सगळे फोनवर आलेत, बापाच्या खात्यावर कापसाचे पैसे आले का ते पण मीच बघतो, तिथं असले प्रयोग नकोत. शिवाय आजच्या चिपा कारखान्यातूनच स्वतःच्या काठापर्यंत पळवलेल्या असतात, त्यांना थंड ठेवणं हाच त्यांना पळवायचा मार्ग आहे. कव्हर काढा, चार्जिंगला लावून गेम खेळू नका, गादीवर ठेवू नका. साधं वाटतं पण मे महिन्यात ह्यानं जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्या कर्नलनं पडत नाही.

मावसभावाला तो जुना फोन मी दिला नाही. त्याच्या फोनात स्टोरेज मोकळं करून दिलं, कव्हर काढून ठेवायला लावलं, तो जरा नाराज होऊन गेला, पण रात्री त्याचा फोन आला की आता गेम कमी अडकते म्हणून.

जुना फोन आता एकाच कामाला आहे. मॅक्स १६८९, एअरप्लेन मोड, चार्जर न लावता, रेकॉर्डर दर पाच मिनिटांनी फाईल बंद करून नवीन उघडणारा, म्हणजे मधेच काही झालं तरी पाचच मिनिटं जातील. मी गावाकडं गेलो की तो कोनाड्यात ठेवतो. आजी आता जास्त वेळ बसत नाही जात्यावर, दहा पंधरा मिनिटं, हात दुखतात तिचे. मागच्या दिवाळीत तिनं थोरल्या आत्याची एक ओवी म्हणली, मी त्या दिवशी ऐकलेल्यातली होती का दुसरीच हे मला सांगता येत नाही. ती फाईल मी तीन ठिकाणी ठेवलीय, एक कॉपी शेजारच्या मावशीच्या लेकीकडं पण दिलीय.